बरोबर कोण आहे?

"बरोबर कोण आहे?" सिस्टरने विचारलं, तेव्हा आधी तिला वाटलं की प्रश्न दुसऱ्याच कोणाला आहे. म्हणून तिने मागे वळून बघितलं, आणि वळताना मानेपासून कपाळापर्यंत एक कळ सरकन गेली. मागे कोणी नव्हतं. भिंतीवर दात कसे घासावेत याचं चित्र होतं, त्यातला मुलगा तोंडभर फेस घेऊन हसत होता. ग्रंथालयाच्या वळणावर पार्सलांनी लादलेल्या एका स्कूटरचा धक्का लागून ती पदपथाच्या कडेवर आपटली होती. स्कूटरवाला भला माणूस निघाला. त्याने तिला उठवलं, विद्यापीठाच्याच दवाखान्यात आणून बसवलं, टाके पडेपर्यंत दाराशी घुटमळला आणि पुन्हा पुन्हा "ताई, चुकलं हो माझं," म्हणत उरलेली पार्सलं पोचवायला गेला. तो होता तोवर निदान कोणीतरी आपल्यामुळे कासावीस झालेलं दिसत होतं. आता सिस्टर हातमोजे काढत तिच्यासमोर उभी होती. "डोक्याला लागलंय, बाळ. एकटीला सोडता येत नाही. वाटेत चक्कर आली, उलटी झाली, तर काय करशील? कोणीतरी न्यायला यायला हवं. बोलव कोणाला तरी."

"येतेय," ती म्हणाली.

"कोण?"

"मैत्रीण. प्रॅक्टिकल चालू आहे तिचं. सुटलं की येते."

सिस्टरने मान डोलावली आणि बाकाकडे बोट दाखवलं. ती जाऊन बसली. आपण किती सहज बोललो याचं तिला नवल वाटलं नाही, कारण ही मैत्रीण काही आत्ता जन्माला आली नव्हती. पहिल्या सत्राच्या सुरुवातीलाच एका संध्याकाळी फोनवर आईने विचारलं होतं, "कोणी भेटली का गं चांगली?" आणि आईच्या आवाजात इतकी आशा होती, की तिने पटकन "हो" म्हणून टाकलं. मग त्या मैत्रिणीला दिसणं आलं, सवयी आल्या. ती उंच होती, कारण जेवणघरात समोरच्या टेबलावर रोज एक उंच मुलगी बसायची. तिला मांजरांची ॲलर्जी होती, कारण वाचनालयात कोणीतरी कोणाला तरी तसं सांगताना तिने ऐकलं होतं. ती चालता चालता शिंकायची, गणितात हुशार होती आणि सकाळी लवकर उठायचा तिला कंटाळा होता. आईला ती फार आवडायची. "तिला म्हणावं, सुट्टीत ये आमच्याकडे," आई म्हणायची. ती म्हणायची, "सांगते." फोन ठेवल्यावर खोलीत इस्त्रीचा वास असायचा. खोलीतली दुसरी मुलगी रोज संध्याकाळी कपड्यांना इस्त्री करायची, कानात इअरफोनची बोंडं घालून, कोणाशी तरी हसत. वाईट नव्हती ती. पंख्याचा वेग कमी करू का, म्हणून विचारायची. खिडकी लावू का, म्हणूनही. दोघींमधलं सगळं बोलणं पंखा आणि खिडकी यांच्यामध्येच जाऊन-येऊन असायचं.

गंमत अशी, की घरी तिला सगळे टकळी म्हणायचे. तिच्या वडिलांचं केस कापायचं दुकान होतं आणि दुकानामागेच घर. मधे फक्त एक पडदा. पडद्यापलीकडे दिवसभर माणसं बोलत असायची: कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाची बदली झाली, कोणत्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे. वडील स्वतः फार बोलायचे नाहीत, पण "मग?" असं ते इतक्या बेताने म्हणायचे की गिऱ्हाईक पुढचं सगळं आपणहून सांगायचं. तिला बोलायला तिथेच आलं. शाळेतून आली की ती दप्तरासकट दुकानात शिरायची आणि रिकाम्या खुर्चीत चढून बसायची. समोर आरसा, मागेही आरसा. त्या आरशांत तिच्यामागे ती, तिच्यामागे आणखी ती, अशी रांगच्या रांग लागायची आणि सगळ्यांची तोंडं एकदमच चालू असायची. दाढीला बसलेला माणूस फेसातून म्हणायचा, "अहो, तुमच्या टकळीला जरा ब्रेक लावा, नाहीतर हसून मी कापून घ्यायचो." वडील वस्तरा वर धरून थांबायचे. तिचं सांगून झालं की मगच पुढे हात चालवायचे. कोणी आपलं बोलणं संपायची वाट बघतं, यात काही विशेष असतं हे तेव्हा तिला कुठे ठाऊक होतं?

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात जेवणघराच्या रांगेत तिने पुढच्या मुलींना असंच काहीतरी सांगायला घेतलं होतं. प्रवासात शेजारच्या बाईंनी आपली पिशवी समजून तिची पिशवी नेली आणि मग स्टेशनभर कशी पळापळ झाली, ती हकिकत. दुकानात या हकिकतीवर दोन-चार दाढ्या सहज खोळंबल्या असत्या. ती ऐन रंगात आली, हातवारे करायला लागली, तेवढ्यात त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, "अच्छा." बस, एवढंच. त्यात तुसडेपणा नव्हता, टिंगल नव्हती. दार हळूच लोटून घ्यावं तसं म्हणाली आणि ताट घेऊन पुढे सरकली. पिशवी अजून त्या बाईंच्याच हातात होती, गाडी सुटायची होती, आणि गोष्ट तिथेच राहिली. त्यानंतर बोलायला तोंड उघडलं की तिला आधी ते 'अच्छा' ऐकू यायचं. मग ती आधीच थांबायची. थांबायची सवय किती लवकर लागते! आधी गोष्टी गेल्या, मग प्रश्न गेले, मग नुसतं हसणं उरलं, आणि पुढे पुढे हसायलाही कोणाचं तरी आपल्याकडे लक्ष असावं लागतं हे तिच्या ध्यानात आलं. एका सकाळी आवारातल्या दुकानदाराकडे पेन मागायला गेली तर घशातून नुसती घरघर आली. आदल्या दिवसभरात आपण एक शब्दही उच्चारला नव्हता, हे तिला तेव्हा उमगलं. दुकानदार म्हणाला, "सर्दी झाली वाटतं." ती म्हणाली, "हो."

दवाखान्यातलं ऊन सरकत सरकत बाकाखाली गेलं. सिस्टरने येता-जाता एकदा विचारलं, "आली का गं?" नंतर नुसत्या भुवया उंचावल्या. दरवेळी दार वाजलं की ती खरंच मान वर करायची. हे तिचं तिलाच विचित्र वाटलं. कोण येणार होतं? तरी दाराबाहेर पावलं वाजली की ती सावरून बसायची, आणि आत यायचा तो खोकल्याचं औषध मागणारा एखादा शिपाई. कोणाकोणाला फोन करता येईल याचा तिने मनात धांडोळा घेतला. खोलीतल्या मुलीचा नंबर होता, पण त्यावर आजवर एकच निरोप गेला होता, 'किल्ली तुझ्याकडे आहे का?' तिला काय सांगायचं? माझं डोकं फुटलंय, ये? म्हणजे आजवर पंख्याबद्दल बोललो आणि आता एकदम रक्ताबद्दल? तिला स्वतःचीच लाज वाटली. मग त्या लाजेचा राग आला. मग टाक्यांच्या जागी ठणकायला लागलं आणि राग तिथेच राहिला.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक वयस्क गृहस्थ डोळे मिटून बसले होते. गालांवर औषधाचे ओघळ सुकले होते. बराच वेळ तिने त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. मग ते सिस्टरला म्हणाले, "आता उघडू का डोळे? म्हणजेच, उघडून काही उपयोग आहे का?" आणि त्या 'म्हणजेच'वरून तिने ओळखलं. ते 'म्हणजेच' सर होते. पहिल्या वर्षाला गणित शिकवायचे. दर वाक्याला 'म्हणजेच' म्हणायचे म्हणून साऱ्या विद्यापीठात त्यांचं तेच नाव पडलं होतं. चारशे मुलांच्या त्या उतरत्या सभागृहात ती सगळ्यात वरच्या बाकावर बसायची, आणि तिथून सर म्हणजे एक टक्कल आणि एक हात दिसायचा.

"बाहुल्या मोठ्या केल्यात सर, तासाभराने दिसेल थोडं थोडं," सिस्टर म्हणाली. "पण तुम्हीही एकटेच आलात. डोळे तपासायचे तर घरून कोणाला आणायचं नाही का?"

"घरी सांगितलं असतं तर सगळेच आले असते."

सिस्टर हसली आणि तिच्याकडे वळली. सिस्टरची ड्यूटी संपत आली होती, खांद्याला पर्स लागली होती. "आणि तुझी ती मैत्रीण? कोणत्या वर्गात आहे? नंबर दे, मीच फोन लावते."

तिने तोंड उघडलं. उंच मुलगी, मांजरं, शिंका, सगळं जिभेवर होतं. फक्त नंबर नव्हता. सिस्टर वाट बघत राहिली. तिच्या तोंडावर दमणूक होती, पण चिडचिड नव्हती, आणि त्यामुळेच खोटं बोलणं आणखी अवघड झालं. "ती..." एवढंच ती म्हणाली.

"तुम्ही पहिल्या वर्षाच्या का?" सरांनी तिच्या दिशेने, पण जरा चुकून खिडकीकडे तोंड करून विचारलं.

"हो, सर. तुमच्याच वर्गात आहे."

"मग सिस्टर, ही माझ्याबरोबर येईल. म्हणजेच मी हिच्याबरोबर जाईन. हिला एकटीला सोडायचं नाही, मलाही नाही. प्रश्न सुटला."

"अहो सर, तुम्हाला ती दिसतेय तरी का?"

"दिसायचं कशाला? चालायचंय."

सिस्टरने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग तिने सरांचा हात उचलून हिच्या कोपरावर ठेवला. बोटं कोरडी आणि हलकी होती, बाहीला खडूचा वास होता. किती महिन्यांनी कोणीतरी आपल्याला धरलंय, हे तिच्या हाताला तिच्या आधी कळलं. हात ताठ झाला, मग हळूहळू सैल पडला.

बाहेर उन्हाने सरांचे डोळे गच्च मिटले. पायऱ्यांपाशी ते थबकले आणि एक पाऊल पुढे टाकून पुन्हा मागे घेतलं. ती गप्प उभी होती. "अहो, सांगा ना काहीतरी," ते जरा घाबऱ्या आवाजात म्हणाले. "तुम्ही बोलला नाहीत तर मला कसं कळणार तुम्ही कुठे आहात ते? म्हणजेच, मी कुठे आहे ते."

"पायरी," ती म्हणाली. घसा साफ केला. "तीन पायऱ्या आहेत, सर. पहिली. दुसरी जरा फुटलीय, डावीकडून या. तिसरी. आता सपाट." आणि मग थांबता येईना, कारण थांबलं की ते थांबत. डाव्या हाताला सायकली आहेत. एक पडलीय, तिचं चाक रस्त्यात आलंय, आपण वळसा घालू. आता झाडाची मुळं वर आलीत, पाय उचलून टाका. समोरून दोन मुली येतायत, एकीने आइसक्रीम घेतलंय आणि ते तिच्या कोपरापर्यंत गळलंय, दुसरी रुमाल शोधतेय. "सापडला का?" सरांनी विचारलं. "नाही. आता पहिलीने सरळ स्वतःच्या ओढणीला हात पुसलाय." सर खुदकन हसले. त्या हसण्याने तिला घेरी आल्यासारखं झालं, टाक्यांमुळे असेल किंवा नसेलही. पुढे माळ्याचा पाइप आला, तो ओलांडायला लावताना माळीच कसा भिजलाय ते सांगितलं. कुलूप लावलेलं एक फाटक आलं. आरशासारख्या काळ्या काचांची इमारत आली, आणि तिच्यात आपण दोघं कसे दिसतोय हेही तिने सांगितलं: "माझ्या डोक्याला पांढरी पट्टी, तुमचे डोळे मिटलेले. कोणाला वाटेल, आपलीच मारामारी झालीय." मग आरशांवरून आरसे आठवले, आणि वडिलांचं दुकान आपोआपच आलं. समोरासमोरचे ते आरसे, ती रांग, फेसातून बोलणारी माणसं.

"शेवटपर्यंत मोजल्यात का कधी?" सरांनी विचारलं.

"काय?"

"रांगेतल्या मुली. लोक म्हणतात अनंत असतात. नसतात. काच दरवेळी थोडा प्रकाश खाते. म्हणजेच पुढची प्रत्येक जण जरा अंधारी होत जाते."

"हिरवी," ती म्हणाली. "मागच्या मागच्या सगळ्या हिरव्या दिसायच्या. शेवाळातल्यासारख्या. त्यांचं तोंड हलताना दिसायचं, पण मला नेहमी वाटायचं की त्यांना बोलता येत नसेल."

कोपरावरची सरांची बोटं जरा घट्ट झाली; ती तिच्या बोलण्यामुळे, की समोर उतार होता म्हणून, ते तिला कळलं नाही.

सर राहत होते त्या इमारतीत शिरल्यावर जिन्यातच माणसांचे आवाज ऐकू आले. दार उघडलं आणि आतलं सगळं घरच जणू बाहेर सांडलं: सरांच्या पत्नी, सून, पायांत घोटाळणारं एक नातवंड, आत चालू असलेला टीव्ही. "अहो, एकटे गेलात? आणि तेही डोळ्यांत औषध घालून घ्यायला? धन्य आहे तुमची!" म्हणत त्यांच्या पत्नीने सरांना आत ओढलं. सुनेने खुर्ची सरकवली, नातवंड "आजोबा, ही किती बोटं?" म्हणून नाकासमोर हात नाचवू लागलं. तिच्या कोपरावरचा हात केव्हा निघून गेला ते कळलंही नाही. मग बाईंचं तिच्याकडे लक्ष गेलं. "अगं बाई, तुला तर केवढं लागलंय! ये ना आत, बस जरा, पाणी घे."

"नको, काकू. मैत्रीण थांबलीय खाली," ती म्हणाली.

दार बंद झाल्यावर ती तिथेच उभी राहिली. आतून हसण्याचा आवाज आला. आपण असं का म्हणालो? कोणी विचारलं नव्हतं, नंबर मागितला नव्हता. समोर उघडं दार होतं, पाणी होतं, बसायला जागा होती, आणि आपल्याच तोंडाने ती उंच मुलगी आडवी येऊन उभी राहिली. जिना उतरताना कठड्यावर तिचा हात घसरत होता. खाली कोणी नव्हतं. नसणारच होतं. तरी रिकामं अंगण पाहून तिला रडू फुटलं. इमारतीच्या भिंतीला टेकून, पट्टी सांभाळत, ती चांगली हुंदके देऊन रडली. मग नाक पुसून आईला फोन लावला.

सगळं सांगितलं. स्कूटर, टाके, सर, नातवंडाची बोटं. आई मधे मधे "अरे देवा, अरे देवा" करत होती. शेवटी म्हणाली, "आणि तुझी ती मैत्रीण कुठे होती गं तेव्हा?"

"आई, ती नाहीये."

"गावाला गेलीय?"

"तशी कोणी नाहीच आहे. पहिल्यापासून. मीच सांगत होते."

पलीकडे दुकानातला रेडिओ ऐकू येत राहिला. मग आई अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मग जेवायला कोणाबरोबर बसतेस तू रोज?"

"एकटीच."

"आणि मी मेली तिच्यासाठी स्वेटर विणायला घेतला," आई म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली. फोन वडिलांकडे गेला. ते गिऱ्हाईक सोडून बाहेर आले असावेत, रहदारीचा आवाज येत होता. "टाके घालताना केस कापले असतील तिथले," ते म्हणाले. "कसे कापलेत?"

"वेडेवाकडे."

"हात लावू नकोस. आलीस की सारखे करू." मग थांबून, नेहमीच्या बेताने, ते म्हणाले, "मग?"

आणि ती भिंतीला टेकून, उजेड जाईपर्यंत, महिन्यांमागून महिने साठलेलं बोलत राहिली.

त्यानंतरच्या तासाला ती गणिताच्या सभागृहात खालच्या बाजूला, सरांच्या समोरच्याच बाकांपैकी एकावर जाऊन बसली. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही. सर आले. डोळे आता चांगले असावेत, कारण त्यांनी फळ्यावर बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. मधेच त्यांनी वर्गाला सवाल टाकला आणि कोणीच बोलेना, तेव्हा तिने उत्तर दिलं. मोठ्याने, स्वच्छ. सर वळले. तिच्या पट्टीवरून, तिच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर गेली, आणि ते म्हणाले, "बरोबर. म्हणजेच, जवळजवळ बरोबर," आणि पुन्हा फळ्याकडे वळले. त्यांनी ओळखलं नव्हतं. किंवा ओळखलं असेल, आणि ओळखल्यावर माणूस जे करतो ते त्यांना येत नसेल. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. सदऱ्याची एक कड आत खोचायची राहिली होती. वाटलं होतं तेवढं दुखलं नाही. दुखलंच नाही असंही नाही.

तास संपला, बाकं वाजली, मुलं उठली. शेजारची मुलगी वह्या गोळा करत होती. बुटकी होती, दंडावर शाईचा डाग होता. तिला यापूर्वी कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं. त्या मुलीने पट्टीकडे बघितलं आणि जरा अवघडून विचारलं, "काय झालं गं?"

"पडले," ती म्हणाली. नेहमीसारखी तिथेच थांबली. मुलीने पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला, म्हणजे आता जाणार. जाऊ दे म्हणावं, असं वाटून गेलं.

"म्हणजे पडले ते काहीच नाही," ती एकदम म्हणाली. "पुढचं जास्त वाईट आहे. तुला घाई आहे का?"

मुलीने दाराकडे पाहिलं. तिथे तिच्यासाठी कोणी थांबलेलं दिसत नव्हतं. तिने खांद्यावरची पिशवी काढून बाकावर ठेवली.